चीनचं कर्ज म्हणजे नक्की काय? हंबनटोटापासून मोंबासापर्यंत

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून फिरून परत येतो. चीननं श्रीलंकेला मुद्दाम कर्ज दिलं, श्रीलंकेला ते फेडता आलं नाही, मग चीननं त्यांचं बंदरच काढून घेतलं आणि आता आफ्रिकेचा नंबर लागलाय, असा सगळा मजकूर आणि खाली लाल बाणांचा नकाशा. परवा काकांनी तो परत टाकला आणि मला टॅग करून विचारलं, "हे खरं आहे का गं?" मी एका ओळीत उत्तर द्यायला गेले पण जमेना, कारण त्यातलं थोडं खरं आहे, बरंच चुकीचं आहे आणि जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते त्या मेसेजमध्ये नाहीच. म्हणून जरा सविस्तर लिहिते, काकांसाठी आणि ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडलाय त्या सगळ्यांसाठी.

पैसा निघतो कुठून आणि जातो कुठे

"चीननं कर्ज दिलं" असं ऐकलं की वाटतं एका सरकारनं दुसऱ्या सरकारच्या खात्यावर पैसे टाकले. बहुतेक वेळा तसं होत नाही. चीनच्या दोन मोठ्या सरकारी बँका आहेत, चायना एक्झिम (म्हणजे निर्यात-आयात) बँक आणि चायना डेव्हलपमेंट बँक, दोन्ही १९९४ साली सुरू झालेल्या, आणि परदेशातल्या रस्ते-रेल्वे-धरणांची बरीचशी कर्जं या दोघींची असतात.

गावाकडे ट्रॅक्टर कसा घेतात ते आठवा. तुम्ही शोरूमला जाता, तिथेच कोपऱ्यात टेबल टाकून फायनान्सवाला बसलेला असतो, तुम्ही सातबारा आणि सह्या देता, पैसे परस्पर शोरूमच्या खात्यात जातात आणि तुमच्या हातात येते ती चावी आणि हप्त्यांचा तक्ता. एक्झिम बँकेचं कर्ज साधारण असंच चालतं. पैसा बीजिंगमधून निघतो आणि चिनी कंत्राटदार कंपनीकडे जातो, कर्ज घेणाऱ्या देशात येतात ते इंजिनिअर, क्रेन, पोलाद आणि शेवटी पूल किंवा रेल्वे. हप्ते मात्र त्या देशाच्या नावावर, आणि तेही बहुतेक वेळा डॉलरमध्ये.

हे डॉलरचं लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तेच आडवं येतं. देशाची कमाई असते शिलिंगमध्ये, क्वाचामध्ये, रुपयांत, आणि स्वतःचं चलन घसरलं की एक नवा डॉलरसुद्धा उचलला नसताना हप्ता आपोआप फुगतो.

आता व्याजाचं बघा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपाननं दिलेल्या कर्जाचा दर आहे ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं आणि पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचीच नाही. याला सवलतीचं कर्ज म्हणतात, म्हणजे बाजारभावापेक्षा खूप स्वस्त, यात थोडी मदत मिसळलेली असते (आणि अट अशी की तंत्रज्ञान जपानचंच घ्यायचं, म्हणजे शोरूमवाली गोष्ट जपानही करतोच). चीन काही कर्जं सवलतीत देतो पण बरीच बाजारदराच्या जवळपास देतो. हंबनटोटा बंदराच्या पहिल्या टप्प्याचं कर्ज ६.३ टक्क्यांचं होतं. ०.१ शी तुलना केली तर लूट वाटते. पण त्याच वर्षी, २००७ मध्ये, श्रीलंकेनं आंतरराष्ट्रीय बाजारातून पहिल्यांदा रोखे काढून (म्हणजे गुंतवणूकदारांना कर्जाचे कागद विकून) ५० कोटी डॉलर उभे केले त्याचा दर होता ८.२५ टक्के. तो पैसा चीनचा नव्हता, परदेशी गुंतवणूकदारांचा होता. मेसेजमध्ये हे नसतं.

तेल, तांबं आणि उसाचं बिल

अंगोलात २७ वर्षं यादवी युद्ध चाललं, ते २००२ ला संपलं. देश उद्ध्वस्त झालेला, जागोजागी भूसुरुंग पेरलेले, पण जमिनीखाली आणि समुद्रात तेल भरपूर. पाश्चात्त्य देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणाले आधी हिशेब दाखवा, सुधारणा करा, मग बघू. २००४ ला चायना एक्झिमनं २०० कोटी डॉलरचं कर्ज दिलं, फेड तेलातून.

हा प्रकार पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऊसवाल्याला सांगावा लागणार नाही. सोसायटीचं पीककर्ज घेतलेलं असतं, ऊस कारखान्याला जातो आणि बिल हातात यायच्या आधीच सोसायटीचे पैसे परस्पर कापून घेतले जातात. सोसायटीला वसुलीची काळजी नाही कारण तुमच्या पिकाचा पैसा तिच्याच दारावरून येतो. अंगोलाचं तेल चीनला विकलं जायचं, पैसे एका ठरलेल्या खात्यात जमा व्हायचे, त्यातून हप्ता आधी कापला जायचा आणि उरेल ते अंगोलाचं. या खात्याला एस्क्रो खातं म्हणतात, म्हणजे देणेकरी-घेणेकरी दोघांनी मान्य केलेलं, कुणा एकट्याला मनाला येईल तसं हात न लावता येणारं खातं.

उसाला भाव चांगला असला की यात काही वाटत नाही. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा तेवढाच हप्ता फेडायला अंगोलाला कितीतरी जास्त पिंपं द्यावी लागायला लागली, आणि देशाचा जवळजवळ सगळा डॉलर तेलातूनच येत असल्यामुळे औषधं, धान्य, पगार सगळ्यालाच ओढाताण सुरू झाली. उसाच्या पट्ट्यात याला काय म्हणतात ते माहितीय, बिल आलं आणि पासबुकात शिल्लक काहीच नाही.

मग हे देश चीनकडे जातात तरी कशाला?

हा प्रश्न आपण जरा वरून विचारतो, म्हणजे त्यांना कळत नाही आणि आपल्याला कळतं असं. मला तो आवाज आवडत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

झांबियाला समुद्र नाही. देश जगतो तांब्यावर आणि ते तांबं बंदरापर्यंत न्यायची मुख्य वाट दक्षिणेला ऱ्होडेशियातून (आताचा झिंबाब्वे) जायची. १९६५ ला तिथल्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारनं एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झांबियाची मानगूट त्यांच्या हातात आली. अध्यक्ष केनेथ काउंडा आणि शेजारच्या टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांना पूर्वेकडे दार-ए-सलामपर्यंत रेल्वे हवी होती. जागतिक बँकेनं सांगितलं की परवडणार नाही, पाश्चात्त्य देशांनीही हात वर केले. चीन तेव्हा स्वतः गरीब, त्यांच्याकडे सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चाललेला, तरी त्यांनी बिनव्याजी कर्ज दिलं आणि १९७० ते १९७५ या काळात १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग बांधून दिला. जंगल, दलदल, डोंगरातले बोगदे, हजारो चिनी कामगार आले, साठहून जास्त जण तिथेच गेले आणि त्यांची दफनभूमी आजही टांझानियात आहे. या रेल्वेला ताझारा म्हणतात. पुढे ती कधीच नीट नफ्यात चालली नाही हेही खरंच आहे.

पण त्या पिढीच्या मनात काय राहिलं असेल बघा. गरज होती तेव्हा कोण आलं, हे घरात जसं लक्षात राहतं तसंच देशांच्याही राहतं. २५ ऑक्टोबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांत तैवानच्या जागी बीजिंगला बसवायचं मतदान झालं, बाजूनं ७६ मतं पडली, त्यातली २६ आफ्रिकेची होती.

दुसरं कारण साधं आहे. इंग्रज-फ्रेंच-पोर्तुगीज गेले तेव्हा रस्ते आणि रेल्वे होत्या त्या खाणीपासून बंदरापर्यंत, गावापासून गावापर्यंत नव्हत्या. त्या बांधायला पैसा लागतो. जागतिक बँकेकडे गेलं की अहवाल, पर्यावरण, पुनर्वसन, सल्लागार, परत अहवाल यात वर्षं जातात (यातल्या बऱ्याच अटी योग्य असतात, विस्थापितांचं काय होतं ते कोयनेपासून आपण बघतोच आहोत). निवडणूक मात्र पाच वर्षांनी असते. चिनी कंपनी म्हणते दोन-तीन वर्षांत पूल उभा करतो, फीत तुम्हीच कापा. कुठला पुढारी नाही म्हणेल?

हंबनटोटा, नीट सुरुवातीपासून

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला हंबनटोटा आहे. मासेमारी, मिठागरं, कोरडा मुलूख, २००४ च्या त्सुनामीत होत्याचं नव्हतं झालेला. समुद्रात थोडंच आत गेलं की युरोप आणि आशियातली जहाजं ज्या मार्गानं जातात तो जगातला एक अतिशय वर्दळीचा मार्ग. त्यामुळे इथे बंदर करावं ही कल्पना चीननं काढलेली नाही, ती श्रीलंकेतच फार जुनी आहे. कॅनडाच्या एका कंपनीनं २००३ ला अभ्यास करून दिला होता, नंतर २००६ मध्ये डेन्मार्कच्या कंपनीनंही केला. डॅनिश सल्ला थोडक्यात असा होता की लहान सुरुवात करा, आधी गाड्या वगैरे मालाची चढउतार करा, त्यातून पैसा येऊ द्या आणि मग वाढवा.

महिंदा राजपक्षे नोव्हेंबर २००५ ला अध्यक्ष झाले आणि हंबनटोटा त्यांचा स्वतःचा जिल्हा. २००७ ला चायना एक्झिमचं ३०.७ कोटी डॉलरचं कर्ज झालं, काम चायना हार्बर या चिनी सरकारी कंपनीला. बंदराचं उद्घाटन झालं १८ नोव्हेंबर २०१० ला. ही तारीख राजपक्षेंच्या वाढदिवसाची. घाई एवढी की बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली मोठा खडक आहे आणि त्यामुळे मोठी जहाजं आत येऊ शकत नाहीत हा प्रश्न तसाच राहिला, नंतर वेगळा खर्च करून तो सुरुंगानं फोडावा लागला. २०१२ या अख्ख्या वर्षात तिथे ३४ जहाजं आली. कोलंबोला त्याच वर्षी साडेतीन हजारांहून जास्त. तरीही त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यासाठी ७५.७ कोटी डॉलरचं आणखी कर्ज घेतलं, आधी कमवा मग वाढवा हा सल्ला बाजूला ठेवून. जवळच मत्तलाला मोठा विमानतळही बांधला, २०१३ ला सुरू झाला, विमानं आलीच नाहीत आणि एका हंगामात त्याच्या मालगोदामात भात साठवायची वेळ आली.

२०१५ च्या जानेवारीत राजपक्षे हरले, नवं सरकार आलं. तिजोरीत डॉलर नव्हते आणि परदेशी हप्त्यांचा डोंगर समोर. मग त्यांनी ठरवलं की तोट्यातलं बंदर कुणाला तरी चालवायला देऊन डॉलर उभे करायचे. जुलै २०१७ मध्ये चायना मर्चंट्स या कंपनीशी करार झाला, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, बहुतेक हिस्सा चिनी कंपनीचा आणि त्याबदल्यात ११२ कोटी डॉलर.

आता इथे नीट लक्ष द्या, सगळा गोंधळ याच जागी होतो. या ११२ कोटींच्या बदल्यात बंदराचं कर्ज माफ झालं नाही. पैसे श्रीलंकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, त्यातून बाकीच्यांची देणी भागवायला आधार मिळाला आणि एक्झिम बँकेचं कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. म्हणजे हप्ते थकले म्हणून सावकारानं शेत ओढून नेलं असं झालं नाही. एकाकडून घेतलेले हातउसने परत करायचेत म्हणून दुसऱ्याला शेत ९९ वर्षं खंडानं कसायला दिलं आणि मूळ विहिरीचं कर्ज चालूच, हे त्याच्या जास्त जवळ जातं.

यामुळे प्रकरण सौम्य झालं असं मला अजिबात म्हणायचं नाही. ९९ वर्षं म्हणजे तीन-चार पिढ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे चीनचं उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढू शकणारं जहाज भारतानं काळजी व्यक्त करूनही हंबनटोटाला येऊन लागलं. सुरक्षा श्रीलंकेकडेच राहील असं करारात असलं तरी बंदर कोण चालवतं याला अर्थ असतोच. आपल्या काळजीला कारण आहे, फक्त कारण नीट माहीत हवं.

"डेट ट्रॅप डिप्लोमसी", म्हणजे देशाला कर्जात अडकवून त्याच्याकडून हवं ते करून घेणं, हा शब्द २०१७ च्या जानेवारीत भारतीय अभ्यासक ब्रह्मा चेलानी यांनी एका लेखात वापरला, नंतर अमेरिकेच्या मोठमोठ्या नेत्यांनी तो उचलला आणि मग तो आपल्या फॅमिली ग्रुपपर्यंत पोचला.

मग श्रीलंका बुडाली कशानं?

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा, गॅस नाही, औषधं नाहीत, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकललेल्या, जुलैमध्ये लोक अध्यक्षांच्या घरात शिरले आणि अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे (महिंदांचे भाऊ) देश सोडून गेले. हे सगळं आपण टीव्हीवर बघितलं.

त्या वेळच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा साधारण एक पंचमांश होता. सगळ्यात मोठा गठ्ठा होता आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचा, चढ्या व्याजाचा. त्यात २०१९ च्या ईस्टरला बाँबस्फोट झाले आणि पर्यटन बसलं, त्याच वर्षाच्या शेवटी नव्या सरकारनं व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि सरकारचं उत्पन्न आटलं, मग करोना, मग २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी आणि भाताचं उत्पादन घसरलं. एवढ्या सगळ्याचा दोष एका बंदरावर टाकला तर ज्यांनी हे निर्णय घेतले ते सुटतात, आणि मला त्या मेसेजचा सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

चीनला यातून मिळतं काय

पहिलं म्हणजे काम. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद एकटा चीन बनवतो, घरचे रस्ते-पूल बांधून झाल्यावर त्या कंपन्यांनी करायचं काय? २०१३ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी बेल्ट अँड रोड, म्हणजे देशोदेशी रस्ते-रेल्वे-बंदरं बांधायची योजना, जाहीर केली त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

दुसरं कच्चा माल. मोबाइल आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला कोबाल्ट लागतं, जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोमधून येतं आणि तिथल्या मोठ्या खाणींपैकी बहुतेकांमध्ये चिनी कंपन्या मालक किंवा भागीदार आहेत. तेंके फुंगुरुमे ही अवाढव्य खाण अमेरिकन कंपनीचीच होती, २०१६ मध्ये त्यांनी स्वतः ती चिनी कंपनीला २६५ कोटी डॉलरला विकायचा व्यवहार केला. कुणी हिसकावली नाही, बाजारात विकायला काढली होती.

तिसरं गिऱ्हाईक. आफ्रिकेत सगळ्यात जास्त खपणारे फोन टेक्नो, आयटेल, इन्फिनिक्स, हे तिन्ही ब्रँड शेनझेनच्या ट्रान्शन कंपनीचे. या कंपनीचे फोन चीनमध्ये फारसे कुणी वापरत नाही, सगळा जोर परदेशावर. तिनं काय केलं, तर काळ्या सावळ्या चेहऱ्याचा फोटो नीट यावा म्हणून कॅमेरा तसा बसवला, एकाच फोनमध्ये दोन-तीन सिमची सोय दिली, बॅटरी दिवसेंदिवस टिकेल अशी दिली कारण वीज जाते. बाकीच्या कंपन्यांना हे गिऱ्हाईक एवढं बारकाईनं बघावंसं वाटलं नव्हतं. २००९ पासून चीन आफ्रिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आहे. पण जातं ते तेल, तांबं, कोबाल्ट आणि येतात फोन, यंत्रं, कपडे, त्यामुळे तिथले छोटे कापड कारखाने टिकाव धरत नाहीत.

आणि मतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगर मुसलमानांच्या स्थितीवर नुसती चर्चा करायची का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत मतदान झालं. १९ विरुद्ध १७ नं प्रस्ताव पडला, ११ तटस्थ राहिले, त्यात भारतही होता. आफ्रिकेतल्या सदस्यांपैकी चर्चेच्या बाजूनं उभा राहिला एकटा सोमालिया. प्रत्येक मतामागे कर्जच होतं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण ज्या बँकेचा हप्ता थकलाय तिच्या चेअरमनविरुद्ध सभेत हात वर करणारे किती असतात ते आपल्याला माहितीय.

हप्ता थकला की काय होतं

झांबियानं नोव्हेंबर २०२० मध्ये ४.२५ कोटी डॉलरचा एक व्याजाचा हप्ता चुकवला. हा हप्ता रोखेधारकांचा होता. मग सगळ्या घेणेकऱ्यांशी एकत्र बसून सवलत मागायची वेळ आली आणि त्यात अडीच वर्षं गेली.

एवढा वेळ का? समजा एका शेतकऱ्याचं बँकेचं कर्ज आहे, पतसंस्थेचं आहे, खताच्या दुकानात उधारी आहे आणि मेव्हण्याचेही घेतलेत. चौघांनाही कळतंय की हा पूर्ण फेडू शकत नाही. पण पतसंस्था म्हणते मी सोडले तर ते बँकेला मिळणार, बँक म्हणते दुकानदाराची उधारी किती आहे ते आधी दाखवा, दुकानदार वही उघडायला तयार नाही. श्रीमंत देशांचा पॅरिस क्लब नावाचा गट आहे, पूर्वी तिथे सगळे सरकारी घेणेकरी एकत्र बसून ठरवायचे. चीन त्याचा सदस्य नाही, आणि आता तर सगळ्यात मोठा सरकारी घेणेकरी तोच आहे. जून २०२३ मध्ये झांबियाच्या ६३० कोटी डॉलरच्या सरकारी कर्जावर तोडगा निघाला, त्यात सुमारे ४१० कोटी एकट्या चायना एक्झिमचे होते. मुदत वाढवली, व्याज उतरवलं, मुद्दल सोडलं नाही. चीनची पद्धत साधारण हीच, मुदत ताणतील पण मुद्दलावर पाणी सहसा सोडणार नाहीत (जुनी बिनव्याजी छोटी कर्जं मात्र बऱ्याचदा माफ करतात आणि त्याची बातमी मोठी होते). या अडीच वर्षांत झांबियातल्या दवाखान्यांना आणि शाळांना पैसा कुठून यायचा?

भारत वेगळं काय करतो?

फार वेगळं नाही, फक्त आकडे लहान आहेत. आपलीही एक्झिम बँक आहे, १९८२ पासून काम करते, मुख्यालय मुंबईत कफ परेडला. ती आफ्रिकेला, शेजाऱ्यांना कर्ज देते आणि साधारण अट असते की ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्या. आपल्या कर्जांवरचं व्याज बहुतेक कमी असतं, पण कामं रेंगाळतात ही तक्रारही खरी आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेला आपण सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली, इंधन-औषध-धान्य, तेही इतर कुणी येण्याआधी. याचा मला अभिमान वाटतो. पण म्हणून आपली कर्जं तेवढी धर्मादाय आणि त्यांची तेवढी सापळा असं म्हणता येत नाही.

आता वारं कुठे चाललंय

२००० ते २०२३ या काळात चीननं आफ्रिकेला सुमारे १८,२०० कोटी डॉलरची कर्जं दिली, पण त्यातलं शिखर २०१६ चं, २,८०० कोटींच्या वर. २०२३ चा आकडा साधारण ४६० कोटी. हात आखडलाय. जुन्या कर्जांचे हप्ते सुरू झालेत, त्यामुळे बऱ्याच गरीब देशांतून चीनकडे जाणारा पैसा आता चीनकडून नव्यानं येणाऱ्या कर्जापेक्षा जास्त आहे. म्हणजे कालचा देणारा आज मुख्यतः वसुलीवाला झालाय आणि हे नातं पुढे कसं वळेल ते यावर बरंच ठरेल. जून २०२५ मध्ये चीननं जाहीर केलं की आफ्रिकेतल्या ५३ देशांच्या मालावर आयात शुल्क लावणार नाही. आफ्रिकेतले देश ५४, मग राहिला कोण? एस्वातिनी, कारण तो तैवानला मान्यता देतो.

"सापळा नाही म्हणतेस, म्हणजे चीन साव का?"

नाही. काका हेच विचारणार हे मला माहीत होतं.

अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधन संस्थांनी २०२१ मध्ये चीनच्या १०० कर्जकरारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, चोवीस देशांबरोबरचे मूळ कागद वाचून. त्यात दिसलं की बऱ्याच करारांत गुप्ततेची अट आहे, अलीकडच्या काळात तर जवळजवळ सगळ्यांत, म्हणजे कर्ज घेणाऱ्या सरकारनं स्वतःच्याच जनतेला करार दाखवायचा नाही. काही करारांत असंही की हे कर्ज इतरांबरोबर पॅरिस क्लबसारख्या वाटाघाटीत न्यायचं नाही. वर दुकानदार वही उघडत नाही असं म्हटलं ना, ते हे.

गुप्त करार, डॉलरमधलं देणं आणि सरकारची हमी यांचं मिश्रण काय करतं ते महाराष्ट्रानं स्वतः भोगलंय. गुहागरजवळचा दाभोळचा वीज प्रकल्प आठवतो का? कंपनी अमेरिकन, एन्रॉन. वीज घ्या नाहीतर घेऊ नका, ठरलेला आकार द्यायचाच, हिशेब डॉलरशी बांधलेला, वर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेनं १९९३ मध्येच सांगितलं होतं की ही महाग वीज परवडणार नाही. वीज मंडळ त्या बिलाखाली दबलं, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. चीनचा काही संबंध नव्हता. करार मात्र याच जातीचा होता.

आता मोंबासाला या. केनियात मोंबासा ते नैरोबी नवी रेल्वे, सुमारे ४७० किलोमीटर, खर्च साधारण ३६० कोटी डॉलर, नव्वद टक्के चायना एक्झिमचं कर्ज. ३१ मे २०१७ ला गाडी सुरू झाली. प्रवासी गाडी चांगली चालते, लोकांना आवडते, रात्रभर बसचा प्रवास होता तो पाच-सहा तासांवर आला. पण कर्ज फिटायचं होतं मालवाहतुकीतून आणि बंदर प्राधिकरणानं कागदावर लिहून दिलं होतं की अमुक इतका माल रेल्वेला देऊच, नाही दिला तरी पैसे भरू. हे अगदी दाभोळसारखं. माल आपणहून रेल्वेकडे येईना, ट्रकनं दारापर्यंत पोचतो म्हणून व्यापाऱ्यांना ट्रक सोयीचा, मग सरकारनं आयातीचा माल रेल्वेनंच न्यायची सक्ती केली. मोंबासातले ट्रकवाले, गॅरेजवाले, हायवेवरच्या हॉटेलवाल्या बायका यांचा धंदा बसला आणि २०१९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. जून २०२० मध्ये केनियाच्या अपील न्यायालयानं निकाल दिला की कंत्राट देतानाच खरेदीचा कायदा मोडला होता (२०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा निष्कर्ष फिरवला). पहिला निकाल आला तोपर्यंत रूळ टाकून झाले होते.

करार दाखवा म्हणून तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षं मागे लागले, कोर्टात गेले, सरकार म्हणत राहिलं की गुप्ततेच्या अटीमुळे दाखवता येत नाही. शेवटी सरकार बदललं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कागद बाहेर आले. त्यात होतं की वाद झाला तर निवाडा बीजिंगमध्ये होईल, कायदा चीनचा लागेल आणि बँकेला विचारल्याशिवाय हा करार कुणाला दाखवायचा नाही. सह्या २०१४ च्या होत्या. केनियातल्या माणसाला तो पहिल्यांदा वाचायला मिळाला तेव्हा गाडी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती आणि हप्तेही चालू होते.